वाचकांचे प्रश्न : बोर्डिंग स्कूलची तीन पत्रं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझी मुलगी आठवीत आहे. तिने स्वतःच्या हट्टाने तीन बोर्डिंग स्कूलना अर्ज केले आणि १० मार्चला तिन्हीकडून होकार आला, आर्थिक मदतीसह. आनंद झाला, पण त्या दिवसापासून घरात शांतता नाही. पहिली शाळा मॅसॅच्युसेट्समधली. वर्षाची फी ७४,००० डॉलर, मदत ४५,५००. दुसरी कनेक्टिकटमधली. फी ७२,५००, मदत ५०,०००. तिसरी पेनसिल्व्हेनियातली, आमच्यापासून गाडीने दोन तास. फी ६८,०००, मदत ३६,५००. हे म्हणतात, जास्त मदत देईल तिथे घालू, विषय संपला. माझं मन घेत नाही, पण का ते सांगता येत नाही. यांचा पगार १,४८,०००. मी डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करते, माझे ३१,०००. मोठा मुलगा रटगर्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात कोथरूडला यांच्या नावावर फ्लॅट आहे, तिथे सासू-सासरे राहतात. त्यांच्या औषधपाण्याला दर महिन्याला ६०० डॉलर पाठवतो. इथल्या काउंटीच्या, निवडक मुलांसाठीच्या सरकारी मॅग्नेट शाळेतही मुलीला जागा मिळाली आहे, ती फुकट. १० एप्रिलपर्यंत उत्तर कळवायचं आहे. कॉलेजसाठी ५२९ खात्यात साठवलेले पैसे इथे वापरावेत का? पत्रांच्या आणि भरलेल्या फॉर्मच्या प्रती सोबत पाठवते. आणखी एक. आमच्या दोघांच्याही घरात आजवर कुणी कुणापुढे हात पसरलेला नाही. ‘मदत’ हा शब्दच घशात अडकतो. – एक आई, एडिसन

उत्तर : तुमची तिन्ही पत्रं काल रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि पेन्सिल घेऊन बसले. न्यू इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग स्कूलच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. अशी पत्रं मी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे नजर कुठे जायची तिथे आपोआप जाते. दुसऱ्या शाळेच्या पत्रात ती चौथ्या ओळीवर गेली. वर ठळक अक्षरांत ‘एकूण मदत ५०,०००’. त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी : ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, ४२,००० आणि फॅमिली लोन ८,०००.

लोन म्हणजे कर्ज. ते तुम्हीच फेडायचं, व्याजासकट. ते ‘मदत’ या शब्दाखाली छापलं म्हणून त्याची मदत होत नाही. तुमचं मन घेत नव्हतं त्याचं कारण हे आहे, आणि तुमचं मन बरोबर होतं.

आता मदतीचे तिन्ही आकडे झाकून ठेवा आणि तुमच्या घरातून किती जाणार तेवढंच लिहा. पहिल्या शाळेला २८,५००. दुसऱ्या शाळेला आज २२,५०० आणि डोक्यावर ८,०००, म्हणजे ३०,५००. तिसऱ्या शाळेला ३१,५००. सगळ्यात जास्त मदत देणारी शाळा इथेच दुसऱ्या नंबरवर गेली. दर वर्षी असंच कर्ज मिळत राहिलं, तर चार वर्षांनी ३२,००० मुद्दल आणि वर व्याज होईल. ते कधी? मुलगी कॉलेजला निघेल त्याच उन्हाळ्यात. कॉलेजसाठी एक वेळ कर्ज काढावं, पण नववीतल्या मुलीसाठी काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या शाळेला जरूर लिहा, की आम्ही लोन घेणार नाही, तेवढ्या रकमेचा ग्रँट म्हणून विचार होईल का? कधी कधी होतो.

पुढे जाऊ. फीच्या बाहेरचा खर्च पत्रात नसतो आणि पालक तो ऑगस्टमध्ये मोजतात. तुमच्यासाठी मी अंदाज बांधला. पहिल्या शाळेत पुस्तकं १,०००, लॅपटॉप १,३००, जाण्यायेण्याचे ९००, खेळाचं सामान आणि कपडे धुण्याचं पॅकेज ६०० असे ३,८००. दुसरीत साधारण ४,०००. तिसऱ्या शाळेचं पत्र मात्र नीट वाचा. दुसऱ्या पानावर लिहिलंय, की मदत घेणाऱ्या मुलांना पुस्तकं आणि लॅपटॉप शाळा देते. तिथे तुमचा वरचा खर्च १,२०० च्या पुढे जाऊ नये. बेरीज करा : पहिली ३२,३००, दुसरी ३४,५००, तिसरी ३२,७००. पत्रावर ज्या शाळेची मदत ९,००० नी कमी दिसत होती, तिच्यात आणि पहिलीत प्रत्यक्षात ४०० डॉलरचा फरक उरला.

वरच्या खर्चात एक गोष्ट मी मुद्दाम धरली नाही, कारण ती नुसत्या पैशांत मोजता येत नाही. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि मार्चची सुट्टी, तिन्ही वेळा डॉर्म, म्हणजे मुलांची होस्टेलं, बंद होतात. कुलूपच लागतं. आमच्या शाळेत थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी बस स्टेशनकडे निघायची. ज्यांना न्यायला कुणी येणार नसे अशी दोन-तीन मुलं बॅगांवर बसून असायची, कोणत्या मित्राच्या घरी जायचं हे अजून न ठरलेली. त्यातल्या एका मुलीला मी दोन वर्षं माझ्या घरी आणलं. वरण-भात आणि बटाट्याची भाजी खाऊन ती सोफ्यावरच झोपून जायची. तुमच्या तिसऱ्या शाळेहून तुम्ही दोन तासांत लेकीला घरी आणू शकता, ताप आला तर त्याच संध्याकाळी जाऊ शकता. मॅसॅच्युसेट्सहून चार-साडेचार तास लागतील आणि सणाच्या गर्दीत सहा. याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. मी तर त्या ४०० डॉलरपेक्षा पुष्कळ जास्त देईन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पत्रातला आकडा एका वर्षाचा असतो. दर वर्षी नव्याने फॉर्म भरायचा, टॅक्स रिटर्न पाठवायचं, आणि शाळा नव्याने हिशेब करते. माझी मुलगी मी नोकरी करत नव्हते अशा दुसऱ्या एका शाळेत होती. पहिली दोन वर्षं आम्ही १४,२०० भरत होतो. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, त्यात २३,९०० लिहिलं होतं. आमचा पगार वाढला नव्हता. तिच्या मोठ्या भावाचं कॉलेज संपलं होतं, एवढंच. त्या पत्राच्या आधी आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आमच्या शाळेत हाच हिशेब मी शेकडो घरांसाठी केला होता. स्वतःच्या घरासाठी करायचा राहून गेला. त्या वर्षी यांनी निवृत्तीच्या ४०१(के) खात्यात पैसे टाकणं थांबवलं आणि ते पुन्हा सुरू करायला तीन वर्षं गेली. म्हणून हे तुम्हाला कळकळीने सांगतेय.

हिशेब असा चालतो. काही शाळा पीएफएस नावाचा फॉर्म मागतात, काही क्लॅरिटी नावाचा. दोन्हीतून एकच गोष्ट काढायची असते, की हे घर शिक्षणासाठी वर्षाला किती देऊ शकेल. त्या रकमेतून घरातल्या दुसऱ्या फी भरणाऱ्या मुलाचा वाटा वजा होतो. तुमचा मुलगा अजून दोन वर्षं रटगर्समध्ये असेल. लेक अकरावीत जाईल त्या सप्टेंबरात तो वाटा मोकळा होईल आणि शाळा म्हणेल, आता सगळं हिच्यासाठी द्या. काही शाळा कॉलेजातला भाऊ पूर्ण धरतात, काही अर्धा, काही धरतच नाहीत. जिथे धरलेलाच नाही तिथे तिसऱ्या वर्षी धक्काही बसणार नाही.

दुसरी वाढ फीची. फी दर वर्षी वाढते. समजा ४ टक्क्यांनी वाढली, तर आजचे ७४,००० बारावीत ८३,२०० च्या वर जातील. ग्रँट त्याच प्रमाणात वाढली तर तुम्ही शेवटच्या वर्षी ३२,००० च्या आसपास भराल. ग्रँट ४५,५०० वरच थांबली तर ३७,७०० भराल. पत्र एकच, शाळा एकच, आणि एका प्रश्नाच्या उत्तरावर साडेपाच हजारांहून जास्त फरक. तिसऱ्या शाळेच्या ३६,५०० मध्ये १२,००० गुणवत्तेची स्कॉलरशिप आहे आणि २४,५०० ऐपतीनुसार दिलेली ग्रँट. गुणवत्तेच्या पैशाचा तुमच्या पगाराशी किंवा मुलाच्या कॉलेजशी संबंध नसतो, म्हणून तो भाग तिसऱ्या वर्षीही जागेवर राहतो. पण तो फीबरोबर वाढत नाही, आणि किती मार्क टिकवावे लागतील हे पत्रात नाही. तेही विचारा.

तर येत्या दोन दिवसांत तिन्ही शाळांच्या ऑफिसला ई-मेल करा. फोन नको, उत्तर लेखी हवं. विचारा, की उत्पन्न बदललं नाही तर आमचा वाटा दर वर्षी साधारण किती वाढतो? भाऊ कॉलेजातून बाहेर पडला की तो किती होईल? ग्रँट फीबरोबर वाढते का? संगीताचा क्लास, शाळेची सहल, परीक्षांच्या फिया यांत मदत लागू होते का? आरोग्य विमा तुमच्या नोकरीतून असेल तर शाळेचा नाकारता येतो का? शेवटचा प्रश्न छोटा वाटतो, पण विम्याची रक्कम लहान नसते. चांगल्या ऑफिसातून दोन दिवसांत सरळ उत्तर येतं. ज्या ऑफिसातून गोलमाल उत्तर आलं, तिथे पुढची चार वर्षं दर वसंतात तुमची गाठ याच लोकांशी आहे, हे ध्यानात असू द्या.

तुमचा फॉर्म मी पाहिला. कोथरूडचा फ्लॅट तुम्ही लिहिला आहे, छान केलंत. ‘भारतातलं त्यांना काय कळतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. खोटं उघडकीला आलं तर मदत जाते, कधी जागाही जाते. पण तुम्ही नुसती किंमत लिहून मोकळ्या झालात. वाचणाऱ्याला वाटलं, पुण्यात यांचं भाड्याने दिलेलं दुसरं घर आहे. तिथे दोन म्हातारी माणसं राहतात, भाडं शून्य आणि मेंटेनन्सही तुम्ही भरता, हे फॉर्ममध्ये कुठेच नाही. आणि महिन्याचे ६०० डॉलर, म्हणजे वर्षाचे ७,२००, ते तर तुम्ही लिहिलेच नाहीत. का नाही लिहिले ते मला ठाऊक आहे. आईवडिलांना पाठवलेल्या पैशाला आपण खर्च म्हणत नाही. पण शाळेच्या हिशेबात ते ७,२०० तुमच्या खिशातच पडून आहेत.

आमच्या ऑफिसात एकदा एक मराठी गृहस्थ आले होते. खूप संकोचलेले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले, मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. सांगलीत आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा. त्यांनी वहीच्या पानावर तारीख, रक्कम आणि बँकेचा पावती नंबर अशा तीन रकान्यांत चौदा महिन्यांचा हिशेब लिहिला होता, निळ्या शाईत, आकड्यांना एकही खोड नाही. खाली बेरीज. एवढंच. विनंतीचा शब्दही त्यात नव्हता. मी तो कागद तसाच कमिटीपुढे ठेवला. त्यांचा वाटा त्या वर्षी ६,००० नी कमी झाला.

तुम्हीही तसंच करा. पहिल्या आणि तिसऱ्या शाळेला फेरविचाराचं पत्र लिहा, इंग्रजीत अपील म्हणतात ते. एका पानाचं. पहिल्या ओळीत लेकीच्या निवडीबद्दल मनापासून आभार. मग फ्लॅटची खरी परिस्थिती दोन वाक्यांत. मग वर्षाचे ७,२०० आणि सोबत बारा महिन्यांच्या ट्रान्सफरच्या पावत्या. मग तुम्हाला वर्षाला किती झेपेल तो एक आकडा, उदाहरणार्थ २५,०००. इतर कुठल्या शाळेची ऑफर उगारून दाखवू नका, पण ती आहे हे नम्रपणे एका वाक्यात सांगायला हरकत नाही. हे मार्चची २० तारीख उलटण्याआधी जायला हवं. कमिटीकडे या दिवसांत थोडे पैसे शिल्लक असतात आणि काही घरांनी नकार कळवला की आणखी थोडे मोकळे होतात. ते आधी पोचलेल्या पत्रांना मिळतात.

आता तुमच्या घशात अडकलेल्या शब्दाबद्दल. माझे वडील साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढले, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट वडील सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज दर वेळी बदलायचा. ती मुलं शेतात राबायची, दळण-पाणी करायची आणि शिकायची. ‘मी कुणाचं फुकट खाल्लं’ असं वडील कधी म्हणाले नाहीत. ‘मला रयतेनं शिकवलं’ म्हणायचे, ताठ मानेनं. इथेही यापेक्षा वेगळं काही नाही. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अँडोव्हर ही शाळा १७७८ ची. तिच्या स्थापनेच्या घटनेतच लिहिलेलं आहे, की ही शाळा सर्व दिशांहून येणाऱ्या लायक मुलांसाठी खुली राहील. तिच्या शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यातली फिलिप्स एक्झिटर १७८१ ची. माजी विद्यार्थ्यांनी दोन शतकांहून जास्त काळ दिलेल्या देणग्या साठत साठत दोघींचाही निधी आज शंभर कोटी डॉलरच्या वर आहे. न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउनच्या पेडी शाळेला वॉल्टर ॲननबर्ग या तिच्या माजी विद्यार्थ्याने १९९३ मध्ये दहा कोटी डॉलर दिले. हे पैसे तुमच्या लेकीसारख्या मुलांसाठीच ठेवलेले आहेत. घेताना मान खाली घालायची काही गरज नाही.

याच निधीमुळे शाळाशाळांत एवढा फरक पडतो. अँडोव्हर प्रवेश देताना घरची ऐपत बघतच नाही, एक्झिटरने हे धोरण २०२१ मध्ये जाहीर केलं. एक्झिटरने ७५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षण मोफत केलं होतं, ती मर्यादा पुढे १,२५,००० वर नेली. एवढा निधी नसलेल्या शाळांत मदतीची रक्कम ठरलेली असते आणि शेवटच्या काही जागांच्या वेळी ऐपत बघावी लागते. त्यात वाईट हेतू नसतो, तिजोरीच तेवढी असते. अशाच शाळा गुणवत्तेची स्कॉलरशिप जास्त देतात, कारण त्यांना चांगली मुलं ओढून आणायची असतात. सगळ्यात मोठ्या नावाच्या शाळा ती सहसा देत नाहीत.

पैशाची सोय म्हणून ५२९ खात्याचं विचारलंत. कॉलेजसाठी साठवलेल्या या खात्यातून शाळेच्या ट्यूशनलाही वर्षाला १०,००० डॉलर काढता येत होते, २०२६ पासून ती मर्यादा २०,००० आहे. राहण्या-जेवणाला ते चालत नाहीत. माझं म्हणाल तर तिकडे हात लावू नका. ते कॉलेजचे आहेत.

मग मी काय करेन? वहीत चार रकाने आखीन. चौथा काउंटीच्या शाळेचा, त्यात शून्य. ती शाळा हरलेल्याची जागा नाही, तिथली मुलं कुठे कुठे जातात ते तुम्ही एडिसनमध्ये बघताच आहात. तिसऱ्या शाळेने १२,००० ची चार वर्षांची लेखी हमी दिली आणि अपिलानंतर तुमचा वाटा २८,००० च्या खाली आला, तर मी लेकीला तिथे पाठवीन. पहिल्या शाळेने ग्रँट फीबरोबर वाढते असं लेखी कळवलं आणि अकरावीतला आकडा झेपणारा दिला, तर ती. दोन्हींकडून गोलमाल उत्तर आलं किंवा तुमच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागत असेल, तर काउंटीची शाळा, आणि लेकीला समोर बसवून सगळे आकडे दाखवून. अर्ज तिने स्वतः भरले आहेत. हे आकडे समजायला ती लहान नाही.

प्रश्न : आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत, ग्रीन कार्ड रांगेत. बोर्डिंग स्कूलची मदत मागितली तर इमिग्रेशनला अडचण येईल का? – एक वाचक, डॅलस

उत्तर : हे पैसे सरकारचे नाहीत. शाळा आपल्या स्वतःच्या निधीतून देते, त्यामुळे सरकारी मदत घेतल्याचा प्रश्न यात येत नाही. कॉलेजच्या वेळी सरकारी मदतीसाठी लागणारा फाफ्सा नावाचा फॉर्मही इथे लागत नाही. विचारायचं ते एवढंच : तुमच्या मुलाला शाळा अमेरिकेत राहणारा विद्यार्थी म्हणून धरते की परदेशी म्हणून? तुम्ही इथे राहून इथे टॅक्स भरता म्हणून बऱ्याच शाळा पहिल्या गटात धरतात, पण सगळ्या नाही, आणि परदेशी मुलांसाठीची रक्कम बहुतेक ठिकाणी फार थोडी असते. अर्ज करायच्या आधी ई-मेलवर विचारा.

प्रश्न : माझं नाशिकला झेरॉक्सचं दुकान आहे. मुलगा आठवीत, फार हुशार. एक एजंट म्हणतो, अमेरिकेतल्या बोर्डिंग स्कूलमध्ये शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो, चार लाख आगाऊ द्या. देऊ का? – एक वडील, नाशिक

उत्तर : भाऊ, एक रुपयाही देऊ नका. मदत शाळेची कमिटी ठरवते आणि त्या कमिटीत कुठल्याच एजंटचा हात पोचत नाही. अर्ज मुलाने स्वतः करायचा असतो, मुलाखत व्हिडिओवर होते, आणि परिस्थिती सांगून विनंती केली तर अर्जाची फीसुद्धा बऱ्याच शाळा माफ करतात. परदेशी मुलांचीही ऐपत न बघणारी अँडोव्हरसारखी शाळा आहे, पण तिथे जगभरातून अर्ज येतात. मुलाला मनापासून हवं असेल तर पुढच्या जानेवारीपर्यंत तयारी करून जरूर अर्ज करू द्या. निवड झाली तर मिळालेल्या मदतीपुरतं शाळेचं पत्रच व्हिसाच्या वेळी पैशाचा पुरावा म्हणून चालतं. विमानाचं भाडं मात्र मदतीत आहे का ते आधी विचारा.

पण त्याच वेळी घराजवळचे दरवाजेही ठोठवा. तुमचा मुलगा आत्ता अगदी योग्य वर्गात आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. तिथे नववीला प्रवेश परीक्षेने घेतात, वय ३१ मार्चला १३ ते १५ हवं, आणि उत्पन्नानुसार स्कॉलरशिप आहे. नवोदय विद्यालयात रिकाम्या जागांसाठी नववीला परीक्षा होते, राहणं-जेवण-शिक्षण जवळजवळ मोफत. त्यासाठी मुलगा आठवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावा लागतो, म्हणून आठवीच्या मध्येच नाशिकबाहेर शाळा बदलू नका. तुम्ही अनुसूचित जातीत येत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारची श्रेष्ठ योजना आहे. परीक्षेत निवड झालेल्या मुलांना नववी किंवा अकरावीपासून चांगल्या खासगी निवासी शाळेत घालतात, फी आणि होस्टेल सरकार भरतं.

तिन्ही परीक्षांचे फॉर्म ऑनलाइन निघतात. उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच त्या त्या सरकारी कार्यालयातून काढून ठेवा. फॉर्म निघाले की सेतू केंद्रात रांग लागते आणि शेवटच्या आठवड्यात दाखल्यासाठी मुलांची संधी गेलेली मी पाहिली आहे. ते चार लाख मुलाच्या नावे बँकेत ठेवा, आणि निकाल आला की मला जरूर कळवा.